चाक जवळ्यावर घसरलं

"मॅडम, किती पळते?"

हा प्रश्न मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलाय की आता कुणी विचारला की माझं डोकंच सणकतं. गाडी गरम होते का विचारा, ब्रेक नीट लागतो का विचारा, पेट्रोल का जास्त पिते ते विचारा. नाही. किती पळते. या अंकाच्या संपादकांनी मला 'गॅरेजमधल्या गमतीजमती' लिहायला सांगितल्यात. गमती आहेत, एखाददुसरी सांगतेही. पण माझ्या सगळ्या गमती शेवटी एका पिवळ्या गाडीपाशी येऊन थांबतात आणि तिथे मला हसू येत नाही. तेव्हा आधीच समजून असा, बाई रागात लिहिते आहे.

आमचं गॅरेज वसईत, गिरीजला, वाडीच्या तोंडाशी. मागे केळी, पुढे रस्ता. पप्पा मूळचे ट्रकचे इलेक्ट्रिशियन. चिंचोटीच्या नाक्यावर हायवेला बसून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं डायनॅमो आणि सेल्फ खोलण्यात घालवली. गुडघे गेले तेव्हा घराशेजारी शेड टाकली. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून अंधेरीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथे मी स्कॅनर चालवायला शिकले, आणि बाई स्कॅनर शिकली तरी तिला काउंटरवर बसवून गिऱ्हाइकांना चहा सांगायला लावतात, हेही तिथेच शिकले. दिली नोकरी सोडून. एक जुना लॅपटॉप, एक केबल आणि भरपूर राग घेऊन पप्पांच्या शेडमध्ये आले. दोन हजार सालाच्या थोडं पुढची ही गोष्ट. वसईत तेव्हा कॉम्प्युटर लावून गाडी तपासतात हेच लोकांना नवं होतं. पहिल्या वर्षी तर लोक गाडी दाखवायला कमी आणि मला बघायला जास्त यायचे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर, एक चपटं सॉकेट असतं. गाडीत ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात, कुणी उष्णता मोजतो, कुणी हवा, कुणी चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे फेरे. सगळे आपापली खबर एका डब्याला देतात. मी सॉकेटात केबल लावली की माझा लॅपटॉप त्या डब्याला प्रश्न विचारायला लागतो. इंजिन किती फिरतंय? डबा सांगतो. वेग किती? सांगतो. पण एका वेळी एकच प्रश्न. जितके जास्त प्रश्न विचाराल तितकं प्रत्येकाचं उत्तर उशिरा येतं. नवशिके सगळंच्या सगळं विचारत बसतात आणि मग पडद्यावरची रेघ अशी तुटक येते की तिच्यातून काही कळत नाही. मी चारच विचारायची. इंजिनाचे फेरे, वेग, एक्सलरेटर किती दाबलाय आणि हवा किती आत जाते. चार प्रश्न, चार रेघा. गाडी चालत असताना शेजारच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचं आणि त्या रेघा जमा करायच्या.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची. या डब्याला रस्ता दिसत नाही. चाक फिरलं एवढंच त्याला कळतं. ते कशावर फिरलं, गाडी खरोखर पुढे गेली का, याचा त्याला पत्ता नसतो. ऐकून सगळे मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "ते ठीक आहे मॅडम, पण किती पळते?"

एकदा नाताळच्या आधी एक अंकल नवी व्हॅन घेऊन आले. सगळे दिवे लागलेले, गाडी जागची हलेना. फादरांनी बिचाऱ्यांनी बॉनेटवर चार थेंब शिंपडून आशीर्वाद दिला होता. फादर गेल्यावर अंकलनी बाटलीतलं उरलेलं पवित्र पाणी डॅशबोर्डच्या खाली ओतलं. का, तर आतपर्यंत लागावं. मी सॉकेट सुकवत बसले आणि ते मला सांगत होते की कंपनीने मालच खराब दिला.

पिवळी गाडी आली तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती याच अंकलची. दोनच सीटांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, परदेशातून आलेली सेकंडहँड गाडी. मालक विक्रांत, विरारच्या एका बिल्डरचा मुलगा. केबल लावायला मी स्टिअरिंगखाली हात घातला तर हाताला काहीतरी लिबलिबीत लागलं. लिंबू आणि मिरच्या. पुढच्या बंपरला बांधलं तर रस्त्याला घासत होतं, म्हणून याच्या आईने ते आत नेऊन नेमकं सॉकेटाला बांधलेलं. लिंबू कुजून त्याचं पाणी पिनांवर उतरलं होतं आणि पिना हिरव्या पडल्या होत्या.

"काढू नका," विक्रांत म्हणाला. "मम्मी चिडेल."

"मग मम्मीलाच विचारा किती पळते ते," मी म्हटलं.

पप्पांनी लांबून माझ्याकडे बघितलं. पप्पांचा स्वभाव मऊ. गिऱ्हाईक म्हणजे त्यांना देवानंतरचं. "बाय, काढून बाजूला बांध ना," म्हणाले. मी काढलं, पिना स्पिरिटने घासल्या आणि लिंबू सीटच्या दांड्याला बांधलं.

विक्रांतला एक आकडा हवा होता. उभ्या गाडीपासून शंभरच्या वेगापर्यंत जायला किती सेकंद लागतात, तो. इंटरनेटवर गाडीवाल्यांचा एक कट्टा होता, तिथे ठाण्याच्या कुणीतरी अशाच गाडीचा आकडा टाकला होता आणि याला चिडवलं होतं. घड्याळ लावून काढलेला आकडा तिथे कुणी मानत नसे, गाडीच्या सॉकेटातून काढलेल्या रेघा दाखवाव्या लागत. वसईत ते काम करणारी मी एकटी. मी म्हटलं, त्याला सरळ, मोकळा रस्ता लागेल. तो म्हणाला, रस्ता आहे.

बंदराकडे जाणारा सिमेंटचा नवा रस्ता तेव्हा नुकताच झाला होता. त्याच्या एका टोकाला विक्रांतच्या वडिलांचं नवं कॉम्प्लेक्स उभं राहत होतं. रविवारी सकाळी मिसाच्या वेळेला जाऊ, म्हणाला, तेव्हा सगळे चर्चमध्ये असतात, रस्त्यावर कुत्रं नसतं. हा हिशेब त्याने बरोबर केला होता. चुकला एवढाच की बंदरावर सगळे काही आमच्यासारखे मिसाला जाणारे नाहीत. आईने सकाळी मला लॅपटॉप घेऊन निघताना बघितलं आणि तोंड फिरवलं.

मे महिना होता. बोटी बंद व्हायच्या आधीचे शेवटचे दिवस. त्या दिवसांत कोळणी जवळा सुकवतात. जवळा म्हणजे तांदळाएवढी कोळंबी, पावसाळाभर घराघरात पुरते ती. पूर्वी त्या वाळूवरच जाळं अंथरून सुकवायच्या, त्यात कितीही जपलं तरी वाळू यायची. सिमेंटचा रस्ता झाल्यावर त्यांना सोनं सापडलं. स्वच्छ झाडायचा, पाण्याने धुवायचा आणि तापलेल्या सिमेंटवर जवळा पसरायचा. एका उन्हात कडकडीत. आणि तेही शहाणपणाने, अर्धाच रस्ता घ्यायच्या, अर्धा गाड्यांना मोकळा. मी गिरीजची, मला हे सगळं ठाऊक होतं. आमच्या घरी जवळा द्यायची ती हिरूबाई तिथलीच. पैशाचा व्यवहार आमच्यात कधी नव्हताच. ती जवळा आणि बोंबील द्यायची, आई केळी आणि वाडीतली भाजी द्यायची. माझ्या आजीच्या वेळेपासून हे चालू.

आम्ही वळण घेतलं आणि समोर अर्धा रस्ता गुलाबी. जवळा नुकताच पसरलेला, अजून ओला, चकाकत होता. विक्रांतने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. सावलीतून हिरूबाई उठली, हातात खराटा. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग आत वाकून माझ्याकडे.

"तू गिरीजची ना गो? मिसाला नाय गेलीस?"

विक्रांत म्हणाला, "मावशी, हे उचला जरा. पाच मिनिटांचं काम आहे."

"आता उचलला तर सरंल, वास मारंल. एकदा पसरला का उन उतरंपर्यंत हात नाय लावायचा. तुजी गारी तिकरून ने की. अर्धा रस्ता मोकला हाय."

आणि खरंच होता. ती गाडी आरामात गेली असती. मी विक्रांतला तेच सांगितलं. त्याने खाली उतरून मोकळी बाजू बघितली. कॉम्प्लेक्सच्या ट्रकांमधून सांडलेली खडी त्या बाजूला पडली होती. त्याच्याच बापाच्या ट्रकांमधून. खडी उडाली असती तर पिवळ्या रंगावर ओरखडे आले असते. तो परत येऊन बसला, म्हणाला, "ठीक आहे, बाजूने काढतो." मी लॅपटॉप सुरू केला. चार रेघा चालू झाल्या. चाक घसरू नये म्हणून गाडीत जी सोय असते तिचं बटण त्याने दाबून ती बंद केली, आकडा चांगला यावा म्हणून. आणि मग गाडी सरळ डावीकडे घेतली. अर्धी सिमेंटवर, अर्धी जवळ्यावर.

"अरे, काय करतोस," मी ओरडले. माझं ओरडणं इंजिनात बुडालं.

मागचं डावं चाक ओल्या जवळ्यावर गरगर फिरलं. गाडी पुढे जायच्या आधी मागून जवळ्याचा फवारा उडाला, बायकांच्या अंगावर, भिंतीवर, माडांवर. मग चाकाने सिमेंट धरलं आणि आम्ही सुटलो. रस्त्याच्या टोकाला त्याने ब्रेक मारला, माझ्या मांडीवरचा लॅपटॉप ओढून घेतला आणि खिदळायला लागला. पाच सेकंदांच्या आत. ठाणेवाल्याचा धुव्वा.

मी केबल हिसकून काढली आणि उतरले. तो हाका मारत होता, मी वळले नाही. त्या उन्हात चालत मागे आले तर हिरूबाई आणि बाकीच्या दोघीतिघी खाली बसून टायरने काळा झालेला जवळा चांगल्यातून वेगळा करत होत्या. कुणी शिव्या देत नव्हत्या. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी खाली बसले, हात पुढे केला.

"तू नको हात लावू," हिरूबाई म्हणाली. "तुज्या हाताला त्याल हाय."

दुपारी विक्रांत गॅरेजवर आला. त्याला रेघांचा छापील कागद हवा होता, गॅरेजच्या शिक्क्यासकट. मी त्याच्यासमोर चारही रेघा उघडल्या आणि बोट ठेवून दाखवलं. हे बघ, वेगाची रेघ सरळ वर गेली, नंतर एकदम निम्म्याने खाली आली, आणि त्या वेळी एक्सलरेटर पूर्ण दाबलेला आहे. ब्रेक न मारता आणि एक्सलरेटर न सोडता गाडी अशी निम्म्यावर येते का कधी? नाही. चाक नुसतं जागेवर फिरलं आणि डब्याला वाटलं गाडी धावली. तू शंभरला पोचलाच नव्हतास. हा आकडा जवळ्याचा आहे, तुझ्या गाडीचा नाही.

"मशीन सांगतं ते खरं की तुम्ही सांगता ते?" तो म्हणाला. "रेघ शंभरच्या वर गेली ना? मग झालं."

"बाय, दे ना त्याला कागद," पप्पा म्हणाले. "जाऊ दे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. मी कागद छापला. चारही रेघा छापल्या. आणि खाली पेनाने ठळक अक्षरात एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या: 'चाक जवळ्यावर घसरलं. हा आकडा खरा धरू नये.' सही केली, शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात आपटला. म्हटलं, आता टाक इंटरनेटवर. तेव्हा मला वाटलं, मी जिंकले.

जूनच्या तोंडावर बंदराच्या रस्त्यावर पाटी लागली. रस्त्यावर मासळी सुकवण्यास सक्त मनाई. पाटीबरोबर दोन माणसंही आली, त्यांनी पसरलेला माल फावड्याने उचलून गटारात टाकला. कॉम्प्लेक्समधले फ्लॅट विकायला काढले होते, आणि फ्लॅट बघायला येणाऱ्यांना वासाचा त्रास होत होता. पण वासावरून सुकवणं बंद करता येत नाही. त्याला कारण लागतं. सुरक्षिततेचं.

ते कारण मला हिरूबाईने सांगितलं. ती आमच्या दारात आली, पण दरवर्षीसारखी ओटीवर बसली नाही. आईने पाणी आणलं, तेही घेतलं नाही.

"जवल्यावर गारी घसरते, मानूस मरंल, असं लिवलंय म्हंतात. कागद हाय म्हंतात. तुज्या गॅरेजचा शिक्का हाय त्यावर."

मी त्याच पावली लॅपटॉप घेऊन, जिथून ती पाटी निघाली त्या सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी कॉम्प्लेक्सवाल्यांच्या तक्रारीची फाईल काढून दाखवली. माझाच कागद, त्याची झेरॉक्स. वरची वेगाची रेघ होती, खाली माझं वाक्य होतं, 'चाक जवळ्यावर घसरलं', सही आणि शिक्का. मधल्या तीन रेघा नव्हत्या, आणि 'हा आकडा खरा धरू नये' हेही नव्हतं. झेरॉक्स काढताना कागद दोन जागी दुमडला की झालं काम. मी लॅपटॉप उघडला, एक्सलरेटरची रेघ दाखवली. म्हटलं, साहेब, हे बघा, याने मुद्दाम पूर्ण दाबलाय, हे बघा इंजिनाचे फेरे, ही गाडी चालवणं नाही, ही शर्यत आहे. अर्धा रस्ता मोकळा होता, मी स्वतः गाडीत बसले होते. घसरलं म्हणून लिहिलं ते त्याचा आकडा खोटा ठरवायला लिहिलं, बायकांना उठवायला नाही.

साहेब शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त राग येतो. म्हणाले, "ताई, तुमचं टेक्निकल सगळं बरोबर असेल. पण चाक घसरलं, हे खरं ना?"

"खरं."

"मग झालं तर. आणि रस्ता शेवटी गाड्यांसाठी असतो."

इतकी वर्षं लोकांच्या कानीकपाळी ओरडत होते की या डब्याला रस्ता दिसत नाही. डब्याचं सोडा, त्याला डोळे नाहीत. या माणसांना काय झालं होतं?

पिवळी गाडी पुन्हा आमच्याकडे आली, पावसाळ्यात. जवळा तिच्या पोटाखालच्या पत्र्यांत, एसीच्या हवेच्या वाटेत जाऊन बसला होता आणि पावसाच्या दमटपणाने असा काही उठला होता की विक्रांत खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. मांजरं मागे लागायची म्हणे. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते छापण्यासारखं नाही. पण मला बोलायची वेळच आली नाही. पप्पा उठले, तेच ते गिऱ्हाइकाला देव मानणारे पप्पा, गुडघे धरत शटरपर्यंत गेले आणि अर्धं शटर खाली ओढलं.

"आमच्याकडे गाडीचं काम होतं," पप्पा म्हणाले. "वासाचं होत नाही."

त्यांना कुणाला असं सांगताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि पुन्हा कधी बघितलं नाही.

कागद, म्हणजे न दुमडलेला मूळ कागद, विक्रांतच्या ऑफिसात बरीच वर्षं भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता असं ऐकलं. माझ्या दोन्ही ओळी फ्रेमच्या कडेखाली दाबलेल्या. मी बघायला गेले नाही. गेले असते तर काच फोडून आले असते. त्यानंतर मी पुष्कळ गाड्यांच्या रेघा काढल्या, पण कागदावर शेरा लिहिणं बंद केलं. जे सांगायचं ते तोंडावर सांगते, त्याची झेरॉक्स निघत नाही.

हिरूबाई पुन्हा वाळूवर सुकवायला लागली. त्या वर्षी ती जवळा घेऊन आमच्याकडे आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आली, जवळा दिला, आईने केळी दिली, सगळं पूर्वीसारखं. माझ्याशीही बोलली, "बरी हाईस ना पोरी" एवढंच. रात्री आईने जवळ्याची चटणी केली. पहिल्याच घासाला दाताखाली करकर वाळू आली. आई म्हणाली, "अगं, हिरू असा कसा माल देते? उद्या सांगते तिला."

"तू काही सांगायचं नाहीस," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की पप्पांनी ताटावरून मान वर केली.

आता हिरूबाई नाही, तिची सून येते. जवळा अजूनही वाळूसकट येतो. घरात सगळे तो चार-चार पाण्यांनी धुऊन घेतात. मी माझ्या वाटणीचा तसाच घेते. करकर वाजतो तो वाजू दे.